शुक्रवारची सही

मी एक जुना फौजी टेलिफोन बोलतोय. साठ वर्षांच्या आयुष्यात माझ्यातून बोलले ते दुसरेच. आज पहिल्यांदाच मी स्वतःचं काही सांगतोय, तेव्हा थोडी खरखर झाली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म सोव्हिएत काळातल्या एका कारखान्यात झाला. काळी टणक पेटी, आत बॅटरी, बाजूला फिरवायची दांडी, रिसीव्हरवर एक कळ. दांडी फिरवली की तारेच्या दुसऱ्या टोकाची घंटा वाजते. कळ दाबली तरच आवाज पलीकडे जातो, सोडली की नुसतं ऐकायचं. माणसांनाही अशी कळ असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

फौजेत माझा फारसा उपयोग झाला नाही. पाच भावंडांसह मी युक्रेनच्या पूर्वेकडच्या कालिनोवी ब्रिद नावाच्या गावात, शाळेच्या तळघरात येऊन पडलो. तीस-पस्तीस वर्षं उंदरांशिवाय कुणी विचारलं नाही.

मग आक्रमण झालं. दुसऱ्या हिवाळ्यात मोबाइलचा मनोरा कोसळला. पान्क्रात नावाचा गावचा म्हातारा वायरमन तळघरात आला, त्यानं माझ्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि दांडी फिरवून बघितली. "जिवंत आहे की रे तू!" तो म्हणाला. त्यानं पाच तळघरांत आम्हाला पाच जणांना बसवलं आणि तार ओढली: शाळा, दवाखाना, चर्च, गावाच्या टोकाच्या गल्लीतलं एक घर आणि नदीकाठची पिठाची गिरणी. सहावा भाऊ पट्ट्यानं त्याच्या खांद्याला लटकायचा. तार तुटली की तिथं जाऊन तो त्यावरूनच बोलायचा. तार एकच, त्यामुळे एकानं दांडी फिरवली की सगळीकडे घंटा वाजायची आणि एकाचं बोलणं अख्खं गाव ऐकायचं.

मी शाळेत, गावच्या प्रमुख तमिला ओस्तापिव्नाच्या टेबलावर होतो. ती मूळची गुरांची डॉक्टर. युद्धाआधीच्या निवडणुकीत ती अकरा मतांनी निवडून आली, आणि हरला तो गिरणीवाला ओमेल्को. ती अकरा मतं त्यानं कधीच माफ केली नाहीत. घंटा वाजली की तो पहिलं वाक्य ठरलेलं बोलायचा, "बोला, अकरा मतांच्या सरकार!" आणि तमिला म्हणायची, "गाई ऐकतात रे माझं, तूच तेवढा ऐकत नाहीस."

तिचा एकुलता एक मुलगा लेव्को दोन वर्षांपासून शत्रूच्या कैदेत होता. एक पोस्टकार्ड आलं होतं, त्यावर चार ओळी. त्यानंतर काही नाही. ती त्याच्याबद्दल माझ्यातून कधी बोलली नाही, पण कैद्यांच्या अदलाबदलीची बातमी आली की तिचा हात माझ्या दांडीवर नुसताच पडून राहायचा.

चौथ्या हिवाळ्यात नऊशेपैकी त्रेसष्ट माणसं उरली होती. त्याच दिवसांत रेडिओवर वाटाघाटींच्या बातम्या सुरू झाल्या. दूरच्या कुठल्याशा शहरात मोठ्या टेबलाशी मोठी माणसं बसली होती, आणि शुक्रवारी शस्त्रसंधीवर सही होणार होती. गावात कितीतरी दिवसांनी हसू ऐकू आलं. दवाखान्यातून कुणी विचारलं, "काचा कुठं मिळतील? खिडक्या बसवायच्यात." चर्चमधल्या बायका घरी परतल्यावर आधी काय शिजवायचं यावरून भांडत होत्या.

मंगळवारी दुपारी या भागाचा कॅप्टन यारेमा आला. तिशीतला माणूस, पण डोळ्यांखाली पन्नाशीची वर्तुळं. त्यानं दार लावून घेतलं.

"मावशी, पूर्वेची झाडी आम्ही सोडतोय. गावासमोर दोन दिवस टिकू, फार तर तीन."

"शुक्रवारी सही आहे ना?"

"म्हणूनच. सही झाली की जो जिथं उभा असेल तिथं रेघ पडणार. त्यामुळे सहीच्या आधी ते जीव तोडून पुढं धावणार. सही करणाऱ्यांना मी ओळखत नाही, मावशी. समोरच्या झाडीतल्यांना ओळखतो."

तमिलानं विचारलं, "पूल?"

"नदीवरचा तरंगता पूल गुरुवारी दहापर्यंत ठेवतो. सकाळी धुकं असेल, धुक्यात ड्रोनला दिसत नाही. नंतर मला पूल काढावाच लागेल."

बुधवारी सकाळी तिनं उपग्रहाच्या इंटरनेटवरून वरच्या साहेबांना गाठलं. मी टेबलावरच होतो, सगळं ऐकलं.

"घाई करू नका," साहेब म्हणाले. "वाटाघाटी नाजूक वळणावर आहेत. आत्ता गाव रिकामं झालं तर आपणच ते सोडलं असं दिसेल. लेखी आदेशाची वाट बघा."

"म्हणजे नकाशावर दिसायला मी त्रेसष्ट माणसं ठेवू?"

"तसं मी म्हटलेलं नाही, तमिला ओस्तापिव्ना."

"मग काय म्हणालात ते लेखी द्या."

साहेबांनी पुन्हा 'वाट बघा' एवढंच म्हटलं. तमिलानं फोन ठेवला. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि कोपऱ्यात तार गुंडाळणाऱ्या पान्क्रातला म्हणाली, "कुणाला सांगू नका मी घाबरलेय ते."

"मला ऐकू कमी येतं," पान्क्रात म्हणाला. "दिसतंही कमीच."

दुपारी तिनं माझी दांडी फिरवली. पाचही ठिकाणचे रिसीव्हर उचलले गेले.

"उद्या सकाळी आठ वाजता निघायचं," ती म्हणाली. "शाळेची बस आणि स्वयंसेवकांच्या तीन गाड्या. एका माणसाला एक पिशवी. कोंबड्या नाहीत. मांजर चालेल."

मग ओमेल्कोचा आवाज आला. "बोला, अकरा मतांच्या सरकार! चार वर्षं तोफा खाल्ल्या तेव्हा थांबलो, आणि आता सहीला दोन दिवस उरले तर पळायचं? लोक हसतील आपल्याला."

"हसू देत. जिवंत माणसालाच हसतात."

"तमिला, तुझा पोरगा त्यांच्याकडं आहे. ही सही झाली तर तो सुटेल. सगळ्या गावात या सहीवर विश्वास ठेवायचं कारण तुला सगळ्यात जास्त. आणि तूच म्हणतेस, थांबू नका?"

तमिलाचा अंगठा कळीवर होता, पण दाबला जात नव्हता. मला वाटलं, आता ही रडेल किंवा ओरडेल.

तिनं कळ दाबली. "ओमेल्को, माझ्याइतकी त्या सहीची वाट कोण बघतंय? रोज सकाळी उठून आधी तेच विचारते. पण वाट बघायला आपण जिवंत हवं. मी नदीपलीकडं बसून वाट बघेन. शुक्रवारी सही झाली आणि गावावर एकही गोळा पडला नाही, तर शनिवारी सगळे परत या. मी राजीनामा देते, तू प्रमुख हो. देवाशपथ सांगते, यात मी चुकले तर मला आनंदच होईल."

चर्चमधून एका म्हातारीनं विचारलं, "मांजरं दोन असली तर?"

"दोन चालतील," तमिला म्हणाली.

गिरणीकडून रिसीव्हर ठेवल्याचा खट्ट आवाज झाला.

गुरुवारी धुकं इतकं दाट होतं की तळघराच्या झरोक्यातून झाडही दिसेना. साडेसातला तोफांचा मारा सुरू झाला. तमिलानं एकेका ठिकाणाची खात्री करून घेतली. दवाखाना निघाला होता, चर्च निघालं होतं, टोकाच्या गल्लीवालेही निघाले होते. गिरणीकडून मात्र उत्तर नव्हतं. पलीकडे काही नसलं की तार कशी लागते हे मला कळतं. ती गिरणीच्या वाटेवर, चौकाजवळ तुटली होती, आणि गिरणीत एकवीस माणसं होती.

पान्क्रातनं सहावा भाऊ खांद्याला अडकवला. त्याची बायको मोत्र्या पिशवी पायाशी घेऊन दाराजवळ उभी होती.

"गाडी पाठवा ना तिकडं," ती म्हणाली.

"गाडी आधी कुठं पाठवू? ते यायला तयार आहेत का तेच माहीत नाही," तमिला म्हणाली. "चारच गाड्या आहेत, मोत्र्याताई."

"वीस मिनिटांचं काम आहे," पान्क्रात म्हणाला. "तू बसमध्ये जागा धर. खिडकीची. मला मळमळतं."

तो गेला. तमिलानं त्याला थांबवलं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं लोकांनी तिला ते विचारलं आणि तिनं कधी नाकारलं नाही.

अठरा मिनिटांनी माझ्यात खरखर झाली. "मी चौकातून बोलतोय. जोडली. फिरव."

तिनं दांडी फिरवली. गिरणीत घंटा वाजली आणि ओमेल्कोनं लगेच उचललं. या वेळी टोमणा नव्हता. "तमिला, गिरणीच्या अंगणात दोन गोळे पडले. लोक निघायला तयार आहेत. पण आई अंथरुणातून हलत नाही. त्यांना घेऊन जा. मी आईजवळ थांबतो."

"तुझ्या गिरणीला दारं किती?"

"काय?"

"दारं! बसलेली गाय उठत नाही तेव्हा मी काय करते, विसरलास? एक दार बिजागऱ्यांतून काढ, आईला त्यावर बांध, चौघं उचला. गाडी पाठवतेय. दहा मिनिटं आहेत."

"ती शिव्या देतेय मला."

"देऊ दे. शिव्या देतेय म्हणजे छाती ठीक आहे."

त्यावर चौकातून पान्क्रात हसला. तारेवर स्पष्ट ऐकू आलं. त्याचा शेवटचा आवाज तोच.

गिरणीची माणसं आली, दारावर बांधलेल्या आजीसकट. पावणेदहा झाले होते. धुकं विरळ होऊन रस्त्यापलीकडचं कुंपण दिसू लागलं होतं. पान्क्रात आला नव्हता. तमिलानं दांडी फिरवली. पुन्हा फिरवली. यारेमा दारात येऊन म्हणाला, "मावशी, आता."

"पाच मिनिटं."

"धुकं पाच मिनिटं थांबणार नाही. गाड्यांत एकसष्ट माणसं आहेत."

मी तिच्या हातात होतो. तो हात कसा होता ते मला सांगता येणार नाही. तिनं माझी तार उपटली, मला काखोटीला मारलं आणि ती बसमध्ये चढली. मोत्र्या खिडकीची जागा धरून बसली होती, शेजारी पिशवी ठेवून.

"माझा म्हातारा?"

"आला नाही," तमिला म्हणाली. "मी निघायला सांगितलंय."

एवढंच. तिनं 'मागून येईल' असं म्हटलं नाही. मोत्र्यानं पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि तमिला त्या मोकळ्या झालेल्या जागेवर न बसता पूल ओलांडेपर्यंत उभी राहिली.

शुक्रवारी सही झाली नाही. बैठक पुढं ढकलल्याची बातमी संध्याकाळी आली. शनिवारी गिरणी जमीनदोस्त झाली. रविवारी यारेमाचा निरोप आला की माघार घेताना त्यांना पान्क्रात चौकात सापडला. ड्रोननं घात केला होता. पण तार जोडलेली होती, गाठ घट्ट होती.

आता आम्ही एका शहरात, वसतिगृहाच्या दोन मजल्यांवर राहतो. तमिलानं पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना जमवलं आणि पान्क्रातला मागं सोडल्याची जबाबदारी घेऊन राजीनामा पुढं ठेवला. ओमेल्को उठला. तिला वाटलं, आता हा जुनं उट्टं काढणार.

"मतदान घ्या," तो म्हणाला. "मी मोजतो." बासष्ट माणसांत राजीनाम्याच्या बाजूनं एकच हात वर झाला, तिचा स्वतःचा. मोत्र्यानं कुठल्याच बाजूनं हात वर केला नाही.

ती महिनाभर तमिलाशी बोलली नाही. मग एका दुपारी, कैद्यांच्या नव्या याद्या यायच्या होत्या तेव्हा, तिनं बोर्श्टचं, म्हणजे बीटाच्या सूपचं, भांडं आणून माझ्याशेजारी आदळलं. "खा. उपाशीपोटी यादी वाचली की नावं दिसत नाहीत." दोघींनी यादी मिळून वाचली. लेव्कोचं नाव नव्हतं. मोत्र्यानं विचारलं, "संपेल का गं हे?"

"संपेल. कधी, ते विचारू नका. आणि सही झाली तरी मी पहिली रात्र चपला घालूनच झोपेन."

मागच्या महिन्यात इथल्या संग्रहालयातून एक बाई आल्या. मला काचेच्या कपाटात ठेवायचं म्हणाल्या, खाली पाटी लावून. तमिलानं मला आपल्याकडं ओढून घेतलं.

"युद्ध संपल्यावर न्या."

"पण ते कधी संपेल, बाई?"

तमिलानं बाहीनं माझी दांडी पुसली. त्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या गेल्या.

मी मात्र कपाटात जायला तयार आहे. धूळ बसू दे, लोक जांभया देत माझ्यासमोरून जाऊ देत. म्हणून मोठ्या टेबलाशी बसलेल्यांनो, तुम्हाला एका जुन्या यंत्राची विनंती आहे. सही करताना पलीकडच्या झाडीत कोण उभं आहे, ते एकदा विचारा. आणि शाई अशी वापरा की शनिवारीही ती पुसली जाणार नाही. त्या दिवशी मला न्यायला या. तोपर्यंत मी या टेबलावर आहे, बॅटरी घालून.