मागच्या बाकावरची

वहिनी तपासनीस आणि नणंद उमेदवार, असा योग आल्यापासून घरात चहासुद्धा जपून ओतला जात होता. नणंदेची शाळेतली नेमणूक हंगामी. चाचणीत पास झाली तर कायम, नाहीतर घरी. दुसरी तपासनीस मिळेना, आणि वहिनी म्हणजे सख्ख्या नवऱ्यालाही अर्धा गुण जास्त न देणारी बाई, म्हणून साहेबांनी डोळेझाक केली.

चाचणी दिसायला सोपी. एका वर्गाची चित्रफीत एकदाच दाखवायची, मग विचारायचं: काय दिसलं? काय कराल? वहिनींकडे उत्तरांचा तक्ता होता. पेन्सिलीवरून जुंपलेली दोघं, शेजारणीचं बघून लिहिणारी, खिडकीबाहेर हरवलेला. तक्त्याबाहेरचं कुणी सांगितलं की गुण कापायचे.

नणंदेने सगळं टिपलं. वहिनींचा जीव भांड्यात पडला. "झालं?"

"मागच्या बाकावरची राहिली की."

"मागचा बाक रिकामा आहे."

"काहीतरीच काय, वहिनी! कधीची हात वर करून बसलीय. बाई ढुंकूनही बघत नाहीत."

"अगं, हातातोंडाशी आलेलं घालवू नकोस. मी ऐकलंच नाही, जा."

"घरी समोरच्या डब्यातली साखर मला दिसत नाही म्हणता, कबूल. पण पोर दिसते मला."

नियम तो नियम. "मग काय करशील?"

"काय करणार? म्हणेन, बोल गं बाळा."

नणंद बाहेर गेल्यावर वहिनींनी फीत पुन्हा लावली आणि आयुष्यात पहिल्यांदाच तक्ता उलटा ठेवून बघितली. बाक रिकामाच. पण घंटा झाली, पोरं बाकांवरून उड्या मारत दाराकडे सुटली, आणि त्या बाकाशी येऊन एकेक जण खाली उतरला. अंग चोरून, वळसा घालून गेला.

वर्षानुवर्षं वहिनी हीच फीत दाखवत होत्या. म्हणजे तेवढा काळ ती पोर हात वर धरून बसलेली. दंड किती भरून आला असेल! इकडेतिकडे बघून, स्वतःचीच लाज वाटत, त्या पडद्याला म्हणाल्या, "बोल गं बाळा."

बाकावर कोपर टेकल्याचा हलकासा आवाज आला. वहिनींनी झटकन फीत बंद केली आणि पूर्ण गुण लिहून टाकले.

दुपारी साहेब आले. "झुकतं माप दिलंत की, बाई! घरचं माणूस म्हटल्यावर चालायचंच."

"पोरं त्या बाकाला कशी चुकवतात ते बघा आधी."

फीत लागली. घंटा झाली. पेन्सिलवाल्यांपैकी एकाने मागच्या बाकावर धाडकन पाय देऊन उडी मारली; दुसरा त्यावरून लोळत पलीकडे गेला.

"कुठे चुकवतात?" साहेबांनी पेन पुढे केलं. "करा कमी."

"नाही करणार."

साहेब हसले. दिलेले गुण त्यांना बदलता येत नव्हते. तपासनीस बदलता येत होती.

बाहेर नणंद नखं खात उभी होती. "काय झालं, वहिनी?"

"तू कायम. मला मात्र आता घरी बसून तुझी साखर शोधायचीय."

"आणि ती?"

"उठली. गेली."

"बोल म्हणालात ना? मग काय म्हणाली?"

वहिनींनी पडद्याच्या खोलीकडे वळून बघितलं. बोल म्हणून त्या लगेच गुण लिहायला बसल्या होत्या. ऐकायला थांबल्याच नव्हत्या.