कपाटाने धरलं

“मुलाला एक प्रश्न एकदाच विचारायचा. उत्तर पटलं नाही, तर ते आपलं दुखणं. ते मुलाच्या गळ्यात बांधायचं नाही.”

प्रशिक्षणातल्या म्हाताऱ्या बाईंनी हे सांगितलं, त्याला एकवीस वर्षं झाली होती. नुसतं सांगितलं नव्हतं, करून दाखवलं होतं. चार वर्षांच्या एका मुलीपुढे त्यांनी बटणांच्या दोन ओळी मांडल्या, सहा इकडे, सहा तिकडे, आणि विचारलं, कुठे जास्त आहेत? “सारखी आहेत,” मुलगी म्हणाली. बाईंनी एकाही बटणाला हात न लावता तेच पुन्हा विचारलं. मुलीने बटणांकडे बघितलंसुद्धा नाही. ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग हळूच एका ओळीवर बोट ठेवलं.

“बघा,” म्हाताऱ्या बाई वळून म्हणाल्या, “हिला वाटलं, मोठं माणूस उगाच दुसऱ्यांदा विचारत नाही. आपलंच पहिलं चुकलं असणार.”

सगळा वर्ग हसला होता. पुढे ज्या मधल्या बाई म्हणून ओळखल्या गेल्या, त्याही त्या वर्गात बसून हसल्या होत्या. किती सोपं आहे हे, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

त्या ज्या बालवाडीत लागल्या, तिथे बाई तीन. कारभार बघणाऱ्या त्या मोठ्या बाई, अगदी तान्ह्यांना सांभाळणाऱ्या त्या धाकट्या, आणि चार वर्षांच्या मुलांच्या या मधल्या. आणि मग मावशी. फरशी पुसणं, मुलांना हात धुवायला नेणं, ओले कपडे बदलणं, खेळणी धुऊन मांडणं हे सगळं तिच्याकडे. मावशीचा आवाज खरखरीत, हात पुरुषासारखे, आणि कपाळाला कायमची आठी. फणसाला आत गरे असतात हे लोकांना ठाऊक तरी असतं. मावशीच्या आत काय आहे, हे बघायला कुणी थांबत नव्हतं. मधल्या बाई रोज सकाळी देवापुढे डोळे मिटून एक नेम म्हणत: आज माझ्या तोंडून कुणाचं वाईट निघू नये. हा नेम त्यांनी वर्षानुवर्षं पाळला होता. मावशीविषयीही त्यांच्या तोंडून कधी काही निघालं नव्हतं. मनात मात्र त्या तिला जरा बिचकूनच असत.

त्या मंगळवारी शाळा भरायच्या आधीच भिंगरीची आई आली. भिंगरी म्हणजे मधल्या वर्गातली सगळ्यात चपळ पोर, एका जागी उभी म्हणून राहायची नाही, म्हणून हे नाव. आईने ऑफिसात सगळ्यांसमोर तिची बाही वर केली. दंडावर निळा पट्टा होता आणि त्याच्या शेजारी बोटांसारखे तीन डाग.

“काल घरी आली ती हे घेऊन,” आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने, त्यामुळेच ऐकणाऱ्याला जास्त धडकी भरत होती. “विचारलं तर सांगत नाही. तुम्ही विचारा. तुमच्याशी बोलते ती.”

मोठ्या बाईंनीही मधल्या बाईंकडे बघितलं. मधल्या बाई खाली बसल्या, भिंगरीच्या डोळ्यांच्या उंचीला आल्या, आणि मऊ आवाजात म्हणाल्या, “काय झालं गं दंडाला?”

“कपाटाने धरलं,” भिंगरी म्हणाली.

आई हसली, पण ते हसू बरं नव्हतं. “कपाट कुणाला धरतं का हो, बाई?”

मुलं असं बोलतात. पाय खुर्चीला लागला तर खुर्चीने मारलं म्हणतात, वारा त्यांना ढकलतो, दार त्यांच्यावर रागावतं. मधल्या बाईंना हे दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. पण त्या घडीला तिथे तीन मोठी माणसं होती, तो निळा पट्टा होता, ती तीन बोटं होती, आणि ते डाग बघताक्षणी त्यांच्या मनात दोन मोठे हात येऊन बसले होते.

“नीट आठव हं, राणी,” त्या म्हणाल्या. “कोणी धरलं?”

भिंगरीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग आईकडे, मग परत त्यांच्याकडे.

“मावशीने.”

“रागावली होती का मावशी?”

भिंगरीने मान हलवली. वर आणि खाली.

मोठ्या बाईंनी मावशीला आत बोलावलं. ती हात पुसत आली.

“काल तुम्ही हिचा दंड धरला होता?”

“धरला होता की,” मावशी तिच्या त्या खरखरीत आवाजात म्हणाली. “दोन कपाटांच्या फटीत हात अडकवून बसली होती. साबण लावून ओढून काढला. नाहीतर संध्याकाळपर्यंत तिथंच…”

“धरला ना पण?”

“धरल्याशिवाय कसा निघेल, बाई?”

“बघा,” आई म्हणाली. “आता कपाटाचं कुठून आलं? दाराबाहेर उभ्या होत्या त्या. ऐकलं असणार.”

मावशीने एकदा मधल्या बाईंकडे बघितलं. मधल्या बाईंनी भिंगरीची बाही खाली केली, बटण लावलं, आणि त्या बटणात उगाचच जास्त वेळ घातला.

मावशीला त्याच दिवशी घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी खेळण्यांचं कपाट मधल्या बाईंना स्वतःच पुसावं लागलं. त्यांच्या वर्गात एकमेकांकडे पाठ करून दोन उघडी कपाटं उभी होती, मध्ये चार बोटांची फट. त्यांनी वाकून बघितलं. आत खोलवर एक लाल लाकडी ठोकळा पडला होता, आणि फळीच्या कडेवर वाळलेल्या साबणाचा पांढरा ओघळ.

त्या तशाच जमिनीवर बसल्या. मागून कुणीतरी त्यांच्या पाठीवर गाडी चालवत होतं, घर्र घर्र, त्यांना ते जाणवलंही नाही.

दुपारी त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. ठोकळ्याचं सांगितलं, साबणाचं सांगितलं, आणि शेवटी स्वतःचंही सांगितलं. “मी दोनदा विचारलं. दोनदा विचारायचं नसतं.”

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बरोबर असेल तुमचं. पण त्या आईला जाऊन काय सांगू? तुमची मुलगी खोटं बोलते?”

“ती खोटं बोलत नाहीये.”

“मग मावशी खोटं बोलतात?”

“नाही हो. तीही नाही.”

“मग खोटं कोण बोलतंय?” मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “लोकांना एवढंच कळतं, बाई. एक खरा, एक खोटा. चार वर्षांचं लेकरू आणि मावशी, यातलं कोण खोटं म्हणून लोक निवडतील? मावशी निदान रडली असती तरी काही बोलता आलं असतं. ती कशी उभी होती बघितलंत ना? उपकार केल्यासारखी.”

मधल्या बाईंना म्हणायचं होतं की ती नेहमीच तशी उभी राहते. पण ते म्हणून काय होणार होतं?

मग त्यांना वाटलं, भिंगरीच आठवील. जागेवर नेलं की मुलांना आठवतं. शुक्रवारी सगळी मुलं बागेत असताना त्यांनी भिंगरीला हाताला धरून कपाटाशी आणलं.

“भिंगरे, इथे अडकला होता ना तुझा हात?”

भिंगरीने फटीकडे नाही, त्यांच्याकडे बघितलं. “हो.”

“ठोकळा काढायला गेली होतीस?”

“हो.”

“मावशीने साबण लावून सोडवलं, ना?”

“हो,” भिंगरी म्हणाली आणि उड्या मारायला लागली. “बाई, मी बरोबर सांगितलं?”

मधल्या बाईंनी तिला जवळ घेतलं. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. शाळा सुटताना त्यांनी स्वतःहून भिंगरीच्या आईला थांबवलं आणि घाईघाईने सगळं सांगितलं. “तिलाच विचारा. आत्ताच म्हणाली.”

आई वाकली. “पिल्लू, मावशीने मारलं होतं ना तुला?”

“हो,” भिंगरी म्हणाली.

“दार लावून?”

“हो. आणि ओरडली.” मग भिंगरीने तोंड वाकडं करून मावशीसारखी आठी पाडून दाखवली. इतकी हुबेहूब, की आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

“घरी रोज सांगते ती,” आई म्हणाली. “रोज थोडं थोडं आठवतं तिला. रात्री दचकून उठते. आणि तुम्ही तिला शिकवून पाठवताय, बाई? तुमच्याकडून नव्हती हो अपेक्षा.”

बाई दारात उभ्या राहिल्या. मुलं एकेक करून त्यांच्या हाताखालून निघून गेली. त्यांना आता कळत होतं, की भिंगरीच्या मनात सोमवारची दुपार उरलीच नव्हती. तिथे मोठ्या माणसांची तोंडं होती फक्त. एक आईचं, एक त्यांचं. ज्याचं तोंड समोर, त्याची दुपार. आणि ती खरी दुपार पुसण्यात पहिला हात त्यांचा, दुसराही त्यांचाच. दचकून उठते म्हणजे पोर खरोखरच घाबरत होती, न घडलेल्या गोष्टीला. आता तिला काहीही विचारायचं म्हणजे वाहत्या पाण्यावर रेघ मारायची.

रविवारी त्या मावशीकडे गेल्या. एकच खोली, पण लख्ख. भिंतीशी एक पाळणा होता, त्यात घडी घातलेलं छोटं पांघरूण. पाळणा रिकामा होता.

“या,” मावशी म्हणाली. बसायला एकच खुर्ची होती, ती तिने फडक्याने झटकली आणि स्वतः पलंगाच्या कडेला टेकली.

बाईंनी जे सांगायचं ते सांगितलं. संपल्यावर मावशी म्हणाली, “तोंडच असं आहे माझं. लग्नात फोटोवाला सारखा म्हणे, हसा. मी म्हटलं, अरे बाबा, हसतेच आहे. तुमच्या त्या मोठ्या बाई म्हणत असतील, रडली का नाही.”

बाईंनी मान खाली घातली.

“येतं की मला रडू. तिथं आलं नाही, त्याला मी काय करू?”

“मी परत बोलते मोठ्या बाईंशी. काम परत…”

“काम राहू द्या. फरश्या सगळीकडे असतात.” मावशीने पाळण्याकडे बघितलं. “लेक कामाला जायची तेव्हा नातीला इथं ठेवायची. आठ महिन्यांची आहे. दात येतायत. जावयाला कुणीतरी सांगितलं शाळेतलं. परवापासून आणत नाहीत. लेक काही बोलत नाही. म्हणते, जरा थांब आई, शांत होऊ दे. पण फोनवर आता आवाज जपून वापरते माझ्याशी. तिलाही वाटतंय बहुतेक.” ती थांबली. “मीच आठवून बघते बाई, हल्ली. जास्त जोरात धरलं का. ओरडले का. इतके जण म्हणतात म्हणजे काहीतरी असेल, असं वाटायला लागतं.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही तिला सोडवलं होतं.”

“तुम्ही कुठं होता बघायला?” मावशीने हे रागाने विचारलं नव्हतं. खरंच विचारत होती.

बाई त्या वेळी फाटकाशी मुलं पोचवत होत्या. त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. एक ठोकळा आणि साबणाचा ओघळ, एवढंच त्यांच्याजवळ होतं.

“एक कराल?” मावशी म्हणाली. “जावयाला जाऊन सांगाल? माझं नका सांगू, माझं कोण ऐकतंय. तुम्ही कसं विचारलंत, ते सांगा. शिकलेल्या आहात, तुमचा आवाज गोड आहे. ऐकेल कदाचित.”

“जाईन,” बाई म्हणाल्या. “पुढच्या रविवारी, तो घरी असेल तेव्हा. नक्की.”

मधल्या बाई मावशीकडे जाऊन आल्या आणि आता जावयाकडेही जाणार, हे आठवडाभरात मोठ्या बाईंच्या कानावर गेलंच. त्यांनी दार लोटून घेतलं. “घरोघर जाऊन शाळेची चूक सांगणार असाल, तर मला तुमच्याविषयीही विचार करावा लागेल. मी धमकी देत नाहीये. पालकांनी विचारलं तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागतं.”

“कळतं मला,” मधल्या बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच कळत होतं.

रविवार उजाडला. सकाळी डोळे मिटून बसल्यावर नेमाचे शब्द ओठांवर आलेच नाहीत. कुणाचं वाईट न बोलता एवढं सगळं घडलं होतं, मग मागायचं तरी काय? त्या नुसत्या हात जोडून बसल्या.

जावयापुढे काय बोलायचं ते त्यांनी तीनदा जुळवून बघितलं. तो विचारणार, मग खोटं कोण बोलतंय? त्याचं उत्तर त्यांच्याकडे आजही नव्हतं. तो विचारणार, तुम्ही होता का तिथं? त्यावर त्यांना नाही म्हणावं लागणार. बाप होता तो, आठ महिन्यांच्या मुलीचा. त्याच्या जागी त्या असत्या, तर त्यांनी तरी मूल दिलं असतं का? तो प्रश्न तसाच सोडून त्या उठल्या.

“कुठे निघालीस इतक्या लवकर?” नवऱ्याने आतून विचारलं.

“जाऊन येते जरा. एकांना शब्द दिलाय.”

“जेवायला येशील?”

“बघते.”

मावशीने दिलेला जावयाच्या पत्त्याचा कागद त्यांनी पिशवीत टाकला, चपला पायात सरकवल्या, आणि आवाज होऊ नये म्हणून दार हळू ओढून घेत जिना उतरू लागल्या.