डेलिया कोणाचा

"माझा सूड आजवर एकदाही फसलेला नाही," गाडीतून उतरताना म्यूरिएल थ्रॉप नवऱ्याला म्हणाली. नॉर्मन थर्मास शोधत होता. तो नुसता "हं" म्हणाला.

लॉर्डसाहेबांचा जुना वाडा आल्डरस्कम हॉल लोकांना बघायला खुला असायचा. त्याच्या बागेत शिरायचं, डॅफ्नी कॉबच्या डेलियाचं मुंडकं उडवायचं, चहा प्यायचा आणि घरी यायचं, इतका साधा बेत. डेलिया खरा म्यूरिएलचाच. शेजारीण डॅफ्नी एकदा चहाला आली, परसात फेरी मारली, आणि जाताना तिच्या हॅटखालून एक कंद गेला. आता तोच जांभळा डेलिया लॉर्डसाहेबांच्या ताटव्यात मिरवत होता. पुढ्यात पाटी: 'श्रीमती डॅफ्नी कॉब यांची भेट.' वर ही बया याच हॉलच्या दिवाणखान्यात बिल्ला लावून फुकट राखण करायची आणि गावभर सांगत सुटायची.

पण छाटायच्या कात्रीची मूठ पर्समधून डोकावत होती.

"ही इथे ठेवा हं," फाटकावरची बाई गोड आवाजात म्हणाली. "जाताना परत देते. हल्ली फांद्या चोरणारे फार झालेत."

"मी काय चोर दिसते?"

"छे हो. चोर तर तुमच्याहून साधे दिसतात."

दात-ओठ खात म्यूरिएल दिवाणखान्यात पोचली.

"अय्या, म्यूरिएल," डॅफ्नी म्हणाली. "माझा डेलिया पाहिलास?"

"पाहिला. ओळखीचा वाटला."

"चांगल्या वस्तू सगळ्यांनाच आपल्या वाटतात गं."

खिडकीशी सोनेरी पायांची एक नाजूक खुर्ची होती. कोणी बसू नये म्हणून गादीवर वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं. 'बसू नका' असं तोंडावर सांगणं इथे असभ्यपणाचं. ते बोंड बघताच म्यूरिएलला दुसरा बेत सुचला. डॅफ्नी पाठमोरी झाली तसं तिने बोंड उचललं आणि लोकरी स्वेटरच्या आत कोंबलं. आता कोणीतरी जाडजूड येईल, बसेल, खुर्ची मोडेल आणि डॅफ्नीचा बिल्ला जाईल.

कोणी बसेना. एक अगदी मनासारखा गलेलठ्ठ गृहस्थ आला, पण त्याचा खुर्चीला धक्का लागला तसा तो खुर्चीलाच "सॉरी" म्हणाला आणि निघून गेला.

मग नॉर्मन आला. "पाय गेले माझे," म्हणत तो टेकला. म्यूरिएलने जिवाच्या आकांताने हातवारे केले. ती रेलून बस म्हणतेय असं वाटून तो रेलला.

कडाड.

आवाज ऐकून व्यवस्थापक पेनहॅलो धावत आले. "बोंड होतं हो इथे," डॅफ्नी रडवेली झाली.

"लक्ष नको का ठेवायला, डॅफ्नी?" असं म्हणत म्यूरिएल नवऱ्याला उठवायला वाकली. बोंड स्वेटरच्या गळ्यातून बाहेर आलं आणि तिच्या मोत्यांच्या माळेत अडकून लोंबायला लागलं. ओढूनही सुटेना.

"का केलंत हे?" पेनहॅलोंनी विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "कारण तो डेलिया माझा आहे," म्यूरिएल कडाडली. "माझ्या परसातला. ही चोरटी आहे."

आता डॅफ्नी थयथयाट करेल म्हणून म्यूरिएल कंबर कसून उभी राहिली. पण डॅफ्नी लगेच म्हणाली, "खरंय. तिचाच आहे. मी चोरला."

"अरे वा," पेनहॅलो म्हणाले. "आम्ही कधीपासून विचारतोय, हा कंद मूळ कुठला, तर या बाई तोंडच उघडत नव्हत्या. त्याच्यापासून रोग पसरलाय. अख्खा ताटवा उपटून जाळावा लागणार. लॉर्डसाहेबांनी जेवण सोडलंय. तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?"

पुढच्या रविवारी दोघं विसरलेली कात्री आणायला गेली. ताटव्याच्या जागी राख होती. राखेत नवी पाटी: 'रोगाचा उगम: श्रीमती म्यूरिएल थ्रॉप यांचा डेलिया.' पाटीशेजारी डॅफ्नी उभी होती, बिल्ल्यासकट. खुर्च्यांपासून लांब म्हणून तिला बागेत नेमलं होतं.

"लागलं ना गं नाव शेवटी?" ती म्हणाली. "नॉर्मन, फोटो काढ ना आम्हा दोघींचा. पाटी पण घे हं. अजून मागे जा. अजून."

नॉर्मन मागे गेला आणि मेंढ्या अडवायला खणलेल्या खंदकात पडला.