शिक्का बसेना

आक्काबाईंना कागद उघडा दिसला की चैन पडत नसे. लेकाच्या जात पडताळणीच्या वेळी सासऱ्यांचा शाळेचा दाखला वाळवीने खाल्लेला निघाला आणि दोन वर्षं खेटे घालावे लागले. तेव्हापासून रेशनकार्ड, लाइट बिल, लग्नपत्रिका, दिसेल ते त्यांनी लॅमिनेट करून टाकलं. नवरा फार वेळ स्वस्थ पडून राहिला तर त्यालाही करतील, असं अंबडच्या त्या कॉलनीत म्हणत.

त्यामुळे वरच्या खोलीतल्या इख्लासचा घड्यांवर फाटत चाललेला कागद पाहून त्यांना राहवलं नाही. इख्लास सुदानची. ती नाशकात शिकायला आली आणि मागे गावात लढाई पेटली. घर गेलं, भाऊ गेला, पासपोर्टाची मुदतही गेली. तिने इथे आसरा मागितला होता. निकाल लागेपर्यंत तो एकच कागद तिचा आधार. दर तीन महिन्यांनी परदेशी लोकांच्या कचेरीतले साहेब त्याच्या पाठीवर शिक्का मारत, की आणखी तीन महिने ही इथे जगली तर सरकारची हरकत नाही.

मंगळवारी मुदत संपत होती, म्हणून आक्काबाई तिला घेऊन कचेरीत गेल्या. साहेबांनी शिक्का मारला आणि शाई प्लास्टिकवरून घसरली. त्यांनी पुसून मारला, फुंकर घालून मारला. मग चष्मा काढून, हा शहाणपणा कोणाचा, असं विचारलं.

मायेपोटी आपण पोरीचा गळाच कापला, असं आक्काबाईंना वाटलं. साहेब म्हणाले, नव्या कागदासाठी आधी नवा पासपोर्ट लागेल, तो हिच्या सरकारकडून आणा. म्हणजे ज्यांच्या बंदुकीने तिचा भाऊ नेला, त्यांच्याकडेच रांगेत उभं राहायचं. नाहीतर उद्या हिची रवानगी बंदिस्त केंद्रात आणि तिथून विमानात. इख्लासला मराठी भाजीबाजारापुरतं येई, पण विमान तिला कळलं. तिने आक्काबाईंचा पदर घट्ट धरला.

आक्काबाईंनी तीस वर्षं सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी केली होती. साहेब नावाचा प्राणी कशाला भितो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, शिक्का का बसत नाय, तेवढं लेखी द्या," त्या म्हणाल्या. "उद्या वरून विचारलं तर तुमच्यावर नको यायला."

साहेब विचारात पडले. नाकारलं लिहावं तर सही करणारा अडकतो, मंजूर लिहावं तरी तोच अडकतो. शेवटी त्यांनी कोऱ्या कागदावर लिहिलं: नवीन कागद प्राप्त होईपर्यंत सदर महिलेचे प्रकरण प्रलंबित, तोवर मुक्काम जैसे थे. खाली सही, तारीख आणि गोल शिक्का. शाई छान बसली.

बाहेर आल्यावर इख्लासने विचारलं, "आक्का, प्रलंबित म्हणजे काय?"

"म्हणजे राहायचं. आपली कॉलनी कायम करायचं चाळीस वर्षं प्रलंबित हाय. तिसरी पिढी नांदतीय तिथं."

इख्लासला हुंदका फुटला. आक्काबाईंनी आधी तिच्या हातातला कागद काढून घेतला आणि मग तिला जवळ ओढलं.

"शाई ओली हाय अजून," त्या म्हणाल्या. "इकडं खांद्यावर रड."