झेंडूचा वाफा

चांगुणाबाईंच्या घरात शिस्त फार कडक होती, आणि ती सगळी सुनेच्या, राजकन्याच्या, वाट्याला आली होती. महिन्याचे ते चार दिवस तिने स्वयंपाकघरात यायचे नाही, देव्हाऱ्याकडे फिरकायचे नाही आणि झेंडूच्या वाफ्याजवळ तर मुळीच जायचे नाही. मुदखेडच्या बाजूला फुलांची शेती बरीच, तिथे हे नवे नाही. तुमच्या-आमच्या घरांतही असे काहीबाही चालतेच. फक्त आपण त्याला वडीलधाऱ्यांचा मान म्हणतो.

यंदा दसऱ्यासाठी टाकलेल्या वाफ्यातली रोपे बोटभर वाढली आणि बुडाशी काळी पडून आडवी झाली. चांगुणाबाईंनी लगेच निदान केले: सुनेचा विटाळ. वाफ्यात पाणी जास्त होतंय, असे राजकन्या आधीच सांगत होती. पण तिला विचारतो कोण? नवरा शिवशंकर मान खाली घालून जेवत राहिला. तेव्हापासून तिला वाफ्याकडे जायची कायमचीच बंदी झाली. सासरी आल्यापासून तिला आवडणारे ते एकच काम होते.

पुन्हा बी टाकायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी धोकाच पत्करला नाही. नागपंचमीला पुष्कळ अवकाश असताना सुनेला माहेरी, बिलोलीला धाडून दिले. मग निर्धास्तपणे बी टाकले. तरी जिवाला घोर होताच, म्हणून सकाळ-संध्याकाळ स्वतः झारीने पाणी घालत राहिल्या. आणि एका सकाळी पाहतात तो काय, रोपे तशीच आडवी!

दसऱ्याची फुले तर गेलीच, आणि आता दोष द्यायला घरात कुणी नव्हते. शेजारच्या कस्तुराबाई आल्या, तेव्हा काल इकडून कोणी बाई गेली का, असे चांगुणाबाईंनी विचारून पाहिले. कस्तुराबाईंनी वाकून वाफ्यात बोट खुपसले. नुसता चिखल होता.

"चांगुणा, सून तर बिलोलीला हाय. आता कुणाची सावली धुंडायलीस?"

कस्तुराबाईंनी चिखलाने माखलेले बोट तिच्यापुढे धरले.

"रोपाला तहान लागल्यावर पाणी द्यायचं, तुला भ्या वाटल्यावर न्हाई. आन् ज्या विटाळावाचून घरात लेकरू होत न्हाई, त्यानं झेंडू कसा मरंल?"

चांगुणाबाईंना सुनेचे पाण्याबद्दलचे बोलणे आठवले आणि स्वतःची लाज वाटली. पण माफी मागणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पंचमी होताच शिवशंकरला पाठवून त्यांनी सुनेला आणवले आणि बी तिच्या हाती दिले. राजकन्याने वाफा उंच केला, बी विरळ टाकले, पाणी बेताने दिले. रोपे तरारली.

लावणीच्या दिवशी मात्र ती बांधावरच थांबली.

"आत्याबाई, मी बाहेरची हाय," ती हळूच म्हणाली.

रोपांची जुडी धरलेला चांगुणाबाईंचा हात थबकला. जन्मभराची भीती एका पावसाळ्यात जात नाही. मग त्या बांधापर्यंत चालत गेल्या.

"हाय तर हाय. रोपं तुझी हायती. पहिलं तूच लाव."

त्यांनी रोप तिच्या ओंजळीत ठेवले. हाताला हात लागला. एरवी त्या लगेच घरी जाऊन अंघोळ करत्या. त्या दिवशी पदर खोचून सुनेच्या मागे सरीत उतरल्या.

दिवाळीला त्याच झेंडूचे तोरण देव्हाऱ्यावर चढले, आणि देवाने काहीएक विचारले नाही. मंडळी, घरात काही बिघडले की ते बाईच्या अंगावर ढकलणे सोपे असते. आपल्या हातातली झारी पाहायला धीर लागतो. तो धीर आपण धरला पाहिजे.