नजर लागलेलं पातं

पाझर तलावाखालच्या कुरणात सगळी दुष्काळी छावणी लोटली होती. जनावरं दावणीला हंबरत होती आणि त्यांचे धनी गवत कापायच्या गाडीची आरती करत होते.

ही गाडी साखर कारखान्याचे चेअरमन आण्णासाहेब यांनी परदेशच्या अभ्यासदौऱ्यावरून गेस्ट हाऊसच्या हिरवळीसाठी आणलेली. दौऱ्यात सहकाराचा अभ्यास किती झाला देव जाणे, गाडी मात्र आली, आणि त्याच साली हिरवळ करपली. मग ती या कुरणात धाडली. वर बसून चालवायची, बटण दाबलं की पोटाखालचं पातं फिरायचं, आणि कापलेलं गवत छावणीला मिळायचं.

पण चांगुणा भारा न्यायला आली की पातं बंद पडू लागलं. इंजिन धडधडतंय आणि पातं ढिम्म. चांगुणा विधवा, एका गाईची मालकीण, आणि गवताला सगळ्यांच्या आधी पोचणारी. संशय घ्यायला लोकांना एवढं पुरलं.

"पात्यात परदेशी जोगीण बसलीया," छावणीत मुक्कामाला आलेले गुंडाप्पा महाराज डोळे मिटून सांगत. "तिला ह्या बाईची नजर सोसत न्हाय. इंजिन बंद करा, गाडीवर ओला खण पांघरा, आरती म्हना. आन् यंत्राला पाना लावू नका, जोगीण कोपंल."

लांबलचक आरती व्हायची, व्यंकट ड्रायव्हर बटण दाबायचा आणि पातं गरगर फिरायचं. मग नारळ फुटायचे. दुष्काळात महाराजांचं अंग तेवढं भरत चाललं होतं.

आज महाराजांनी शेवटचा उपाय सांगितला होता. बाई आणि गाय, दोन्ही छावणीबाहेर. बाहेर गाय आठवडाभरही जगली नसती.

"समद्यांच्या जनावरांचा सवाल हाय, बाई," आण्णासाहेब म्हणाले.

"माजी नजर लोखंडाला लागती, तर माजा इळा कसा चालतो, आण्णासाहेब?"

हायस्कुलात विज्ञान शिकवणारे पिराजी मास्तर गर्दीत उभे होते. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ते शांतपणे व्यंकटजवळ गेले.

"ही आली की तू काय करतोस?"

"पातं बंद करतो, मास्तर. मानसं गवत गोळा कराया वाकत्यात, कुनाचा हात जाईल."

"म्हणजे बंद तूच करतोस."

"बंद म्या करतो, पन पुन्ना लागत न्हाय ना!"

मास्तरांनी आधी चांगुणेला समोर लांब उभं केलं. आरतीनंतर पातं झकास फिरलं. मग तिला घरी धाडलं आणि व्यंकटला उन्हात भरपूर गवत कापू दिलं. बटण बंद करून पुन्हा दाबलं, तर पातं ढिम्म. लोक एकमेकांकडे बघू लागले, कारण नजर लावणारी तर तिथं नव्हती.

"आता इंजिन बंद करा, ओलं पोतं टाका. आरती नको, पावकी-निमकी म्हणा," मास्तर म्हणाले.

छावणीनं घसा ताणून पावकी-निमकी म्हटली, मग पाढे म्हटले. पोतं काढलं, बटण दाबलं, पातं गरगर फिरलं; पाढ्यांनीही जोगीण प्रसन्न झाली.

चांगुणेला बोलावून आणलं. मास्तरांनी इंजिन बंद करवलं, प्लगची वायर काढून ठेवली आणि गाडीखाली बोट दाखवलं. "इथं तारेचं वेटोळं आहे. त्यातून वीज वाहिली की त्याचं लोहचुंबक होतं आणि ही चकती ओढून घेतं. चकती चिकटली की पातं फिरतं. झिजून मधली फट वाढली आहे. वेटोळं तापलं की वीज कमी वाहते, चुंबकाचा जोर कमी पडतो, मग चकती ओढली जात नाही. निवलं की पुन्हा ओढली जाते. आरतीत एवढंच होत होतं, ते निवत होतं."

"ह्ये तीन नट फट कमी करायचेच हायती," व्यंकट ओशाळला. "महाराज म्हनले, हात लावू नगो."

फटीत पोस्टकार्ड घालून त्यानं तिन्ही नट सारखे आवळले, कचरा झाडला. नंतर भर दुपारी, चांगुणा समोर असताना, पातं पुन्हा पुन्हा बंद केलं आणि प्रत्येक वेळी ते लागलं. महाराज म्हणाले, "माज्याच किरपेनं," पण ऐकायला कुणी थांबलं नाही. ते नळदुर्गच्या एसटीनं निघून गेले.

आण्णासाहेबांनी चांगुणेचा भारा पहिला बांधायला लावला. तिनं तो उचलला नाही.

"गाय राहिली, मास्तर. पन उद्या छावणीचा पान्याचा पंप बंद पडला, तर ह्ये लोक पुन्ना माज्याच दारात येतील."

मास्तर लोकांकडे वळले. "उद्या पंपही बंद पडेल, यंत्रच आहे ते. तेव्हा आधी पाना शोधा. बाईला शोधत बसाल, तर पंप बंदच राहील आणि एक जीव फुकट जाईल."

व्यंकटनं पुढं होऊन भारा उचलला आणि चांगुणेच्या डोक्यावर दिला.