चढावर उभी आहे मी

थांबा! भंगारवाल्याला फोन लावायच्या आधी माझं ऐकून घ्या. मी वित्स्केबाईंची गाडी बोलतेय. लाल रंग, एका दाराला पोचा, पण इंजिन अजून ठणठणीत.

जन्मले कारखान्यात, वाढले मात्र नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीजलंडमध्ये. इथली जमीन पोळपाटासारखी सपाट. चढ म्हणाल तर समुद्र अडवणारा एक बांध, त्यावर मेंढ्या चरतात. त्यामुळे हँडब्रेक लावायची कुणाला सवयच नाही. गाडी सोडाल तिथेच राहते. माझ्या हँडब्रेकला बाई वर्षानुवर्षं बाजाराची पिशवी अडकवायच्या.

वसंतात बाईंचे यजमान, डाऊवेकाका, गेले. तेव्हापासून दारात सारखं कुणीतरी उभं. "कशी आहेस? झोप लागते का?" एका सकाळी बाईंनी माझ्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि बेल्जियम ओलांडून फ्रान्सच्या डोंगरापर्यंत बोट ओढलं. सगळे आडरस्ते, मोठी शहरं टाळून. तिथे एका खेड्याच्या टोकाला लहानसं घर भाड्यानं मिळत होतं.

"तिथं मला कुणी ओळखत नाही," त्या मला म्हणाल्या. "मनसोक्त रडेन तरी!"

मुलगा येल्मर आला आणि त्यानं कपाळाला हात लावला. "आई, या खटाऱ्यातून डोंगरात? आणि हे बटाट्याचं पोतं कशाला? फ्रान्समध्ये बटाटे मिळत नाहीत?"

"मिळतात. पण आपल्या बटाट्यांची चव आहे का त्यांना?"

"ते राहू दे. चढावर थांबून परत गाडी काढता येते तुला? चल, बांधावर करून दाखव. वीतभर जरी मागे आलीस, तर गाडी विकायची. कबूल?"

"कबूल. आणि जमलं, तर तू तोंड उघडायचं नाहीस."

खटारा म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बांधावर जाणाऱ्या रस्त्याच्या मध्यावर बाईंनी मला थांबवलं. पिशवी काढून मागे भिरकावली, हँडब्रेक खेचला. तो करकरला, पण धरून राहिला. मग त्यांनी क्लच हलकेच सोडला आणि मी जीव खाऊन वर झेपावले. मागे? बोटभरसुद्धा नाही!

आमच्या मागोमाग आलेला येल्मर चढ सुरू होतो तिथेच गाडी सोडून धापा टाकत वर आला. "हे नशिबानं जमलं! खऱ्या डोंगरात…"

"अरे, तुझी गाडी कुठे निघाली बघ," बाई शांतपणे म्हणाल्या.

त्याची चकचकीत गाडी उताराला लागली होती. हँडब्रेक लावायचा तोही विसरला होता, आमच्याच गावचा ना! मेंढ्या बाजूला झाल्या आणि गाडी चरात जाऊन बसली. तिला दोर बांधून बाहेर ओढलं ते मी, खटाऱ्यानं. मग येल्मरनं तो दोर गुंडाळून माझ्या डिकीत ठेवला. "डोंगरात लागेल," एवढंच पुटपुटला आणि आईला मिठी मारली.

आज मी त्या घरासमोर, चांगल्या उभ्या चढावर आहे. हँडब्रेक घट्ट, शिवाय चाकामागे बटाट्याचं पोतं. "पिचले तर कुस्करून खाऊ," बाई म्हणाल्या. आता त्या पायरीवर बसून मोठ्यानं रडताहेत, आणि कशी आहेस म्हणून विचारायला कुणी नाही.

भंगारवाल्याला सांगा, मी हवी असेन तर इथवर चढून ये.